भेव मोजणारे कंपाउंडर

देवाने माणसांना भीती वाटून दिली त्या दिवशी आमचे कंपाउंडर रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे असावेत, आणि मागच्या दहाबारा जणांचा वाटाही त्यांनी ‘अडीअडचणीला असू द्या’ म्हणून मागून घेतला असावा. भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली. कुणी पालीला भितो, कुणी बायकोला, कुणी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला. पण पालीपासून साहेबापर्यंत या जगात जे जे हलतं, वाजतं किंवा नुसतं गप्प बसून असतं, त्या सगळ्याला भिणारा माणूस मी हा एकच पाहिला. आणि सरकारने त्याला नोकरी दिली होती ती गुरांच्या दवाखान्यात.

मी तेव्हा धनजच्या शाळेत मास्तर होतो. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या बापाचा मुलगा. कोणापुढे मान खाली घालायची नाही, हे मला घुटीबरोबर पाजलेलं. त्यामुळे मी स्वतःला फार धीट समजत असे, आणि धीट माणसाला चेष्टेसाठी एखादा भित्रा मित्र लागतो तसे मला कंपाउंडर लागत. ते मूळचे मंगरूळपीरचे, दर्ग्यामागच्या गल्लीतले. घरचा धंदा पिंजाऱ्याचा. पण बाप कापूस पिंजायला बसला की धनुकलीच्या त्या आवाजाने हे पोरगं घर सोडून पळायचं, म्हणून बापाने कंटाळून त्याला शिकवलं. शिकून ते कंपाउंडर झाले. आठवड्यातून एकदा औषधांची पेटी घेऊन कारंज्याहून एसटीने यायचे, आसपासची खेडी पायी करायचे आणि संध्याकाळी परत जाण्याआधी माझ्या ओसरीवर चहा घ्यायचे. चहा आधी बशीत ओतून, फुंकून, त्यात काही पडलं नाही ना ते पाहून मगच प्यायचे.

त्यांच्या भीतीला एक शिस्त होती. पायातली चप्पल ते सुतळीने घोट्याला बांधत, कारण पळायची वेळ येते तेव्हाच नेमकी चप्पल निसटते. एसटीत चढण्याआधी ते गाडीभोवती एक फेरी मारून सगळी चाकं बघत, ड्रायव्हरला रात्री नीट झोप लागली का ते अदबीने विचारत, आणि मागची सीट रिकामी असली तरी सगळा रस्ता दाराचा दांडा धरून उभ्याने काटत. एकदा त्यांना तार आली. तार म्हणजे वाईट बातमी, हे ठरलेलंच. तेव्हा त्यांनी ती न फोडता कोनाड्यात ठेवली आणि तीन दिवस तिच्याकडे पाठ करून जेवले. चौथ्या दिवशी मी जाऊन फोडली, तर भावाला मुलगा झालेला. बारशाला यायचं आमंत्रण होतं, ते तोवर टळून गेलं होतं. दवाखान्यात बैलाला सुई टोचायची असली की कंपाउंडर खिडकीच्या आत, बैल खिडकीच्या बाहेर, आणि मध्ये लोखंडी गज. डॉक्टर कपाळाला हात लावत. मी तर त्यांना तोंडावर हसायचो. त्यावर ते रागावत नसत. आमच्याकडे भीतीला भेव म्हणतात. ते म्हणायचे, “गुरुजी, भेव हा देवानं देल्ला चौकीदार हाये. तुमी त्याले पगार देत नाई, म्हून तो तुमच्याकडं झोपून राह्यला.”

अशा माणसाला पाखरांचा नाद लागला तोही भीतीपोटीच. नोकरी नवी होती तेव्हा एकदा नाल्याच्या काठाने येताना दोन टिटव्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागल्या. दुसरा कुणी असता तर हाड् म्हणून पुढे गेला असता. कंपाउंडर जागच्या जागी थिजले, आणि पाहतात तर पुढे दहा पावलांवर घोणस पसरलेली. त्या दिवसापासून पाखरू ओरडलं की थांबायचं, पाखरू गप्प झालं की त्याहून जास्त थांबायचं, असा त्यांनी नेम केला. मग कोतवाल पक्षी कुणाच्या मागे लागतो, साळुंक्या झाडाखाली काय पाहून कलकलाट करतात, चंडोल गाता गाता मध्येच का खाली येतो, हे ते नीट बघायला लागले. बघता बघता त्यांना एक शोध लागला आणि तो सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. सबंध पृथ्वीवर पाखराइतकं भिणारं दुसरं कोणी नाही. दाणा टिपतानाही ते चारदा मान वर करतं. “थे आपल्या बिरादरीचे हायेत,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना गोतावळा सापडल्यासारखं झालं होतं.

मग दवाखान्यातली एक जुनी लसीची नोंदवही त्यांनी कामाला लावली. तिच्यात चार रकाने होते: जनावर, संख्या, गाव आणि शेरा. कंपाउंडरांनी ते खोडून वर लिहिलं: पाखरू, किती, जागा, भेव. कुठलं पाखरू कोणत्या शिवारात, कोणत्या महिन्यात, किती, हे तर ते लिहीतच. पण शेवटचा रकाना त्यांचा खास. पाखराच्या दिशेने ते एकेक पाऊल मोजत चालत, ते उडालं की तिथेच थांबत, आणि पाखरू बसलं होतं त्या जागेपर्यंतची पावलं मोजून लिहीत. तेवढं त्या पाखराचं भेव. होला, पंधरा. गायबगळा, शेजारी बैल असला तर पाच, बैल नसला तर तीस. ही तफावत त्यांच्याआधी कुणी मोजली असेल असं मला वाटत नाही, कारण त्यासाठी बैलाच्या पाच पावलांजवळ जावं लागतं. ते कंपाउंडरांनी कसं जमवलं हे एक कोडंच आहे. टिटवीच्या पुढे मात्र ‘शंभर’ असा आकडा होता. मी म्हटलं, टिटवी इतकी भित्री कुठे आहे? तर खाली मान घालून म्हणाले की अंडी असलेली टिटवी उलटी अंगावर आली, ते शंभर माझे आहेत.

पण खरी गंमत होती ती ‘जागा’ या रकान्याची. शेतांना नावं असतात, गट नंबर असतात, पण कंपाउंडरांना ते आठवत नसत. त्यांना जागा आठवायची ती तिथे आपण कशाला भ्यालो त्यावरून. त्यामुळे वहीत लिहिलेलं असे: ‘हेला फुसफुसला तो नाला.’ हेला म्हणजे रेडा. ‘साप आडवा गेला तो बांध, मागून दोरी निघाली.’ ‘वीज पडता पडता राह्यली थे बाभूळ.’ ‘मोहोळ उठलं थ्याच्या अलीकडचा धुरा.’ धुरा म्हणजे शेताची हद्द. ‘बाई कायले ओरडली मालूम नाई थे विहीर.’ त्या वहीवरून नकाशा काढला असता तर आमचा सगळा मुलूख त्यांच्या दचकण्यांनीच भरून गेला असता. नव्या माणसाला त्यातलं एक अक्षर लागलं नसतं. मला मात्र सगळं लागायचं, कारण प्रत्येक दचकणं पहिल्यांदा माझ्या ओसरीवर सांगितलं जायचं आणि मी पोट धरून हसायचो.

त्या वहीत एकच जागा अशी होती की जिथे काहीच घडलं नव्हतं. ‘काई नाई झालं, तरी भेलो तो तुकडा.’ नाल्यापलीकडे दोन पळसांच्या मधला पडीत गवताचा तुकडा होता तो. श्रावणात तिथे गवत कमरेला लागायचं. कंपाउंडर एका सकाळी तिथून जात असताना एकदम सगळं शांत झालं, टिटवी नाही की चंडोल नाही. पळणार तोच गवतातून काळंपांढरं काहीतरी माणसाच्या डोक्याइतकं उंच उसळलं, बेडकासारखा आवाज झाला, आणि ते परत गवतात पडलं. थोड्या वेळाने पुन्हा. तो तणमोर होता. माझा हात घट्ट धरून त्यांनी मला एकदा तो दाखवायला नेलं. आम्ही बांधाआड बसलो. कोंबड्यापेक्षा थोडा मोठा, डोक्यामागे केसांसारखी पिसं वळलेली, आणि मादी बघते आहे या भरवशावर तो सकाळभर उड्या मारत होता. मादी मात्र आम्हाला दिसली नाही. “एवढं भेणारं पाखरू,” कंपाउंडर कानाशी कुजबुजले, “दोनशे पावलावरून पयते. पण श्रावणात पाहा, साऱ्या दुनियेले दिसन असं उडून राह्यलं. काहून? थ्याले बी मालूम हाये का जीव जाईन. तरी उडते.” दरवर्षी तो त्याच तुकड्यात यायचा. लागोपाठ चार श्रावण त्यांनी त्याची नोंद केली होती आणि पाचव्याची ते वाट बघत होते.

तो पाचवा श्रावण आणीबाणीतला. त्या वर्षी भीती एकट्या कंपाउंडरांची राहिली नव्हती. जीपचा आवाज आला की गावातले बाप्ये तुरीच्या शेतात शिरत. आम्हा मास्तरांना शिकवणं बाजूला ठेवून नसबंदीसाठी माणसं आणून द्यावी लागत. त्यांना केसेस म्हणत. माझ्या नावावर दोन केसेस लागल्या होत्या, आणि मी नेलेला एकुलता एक माणूस सत्तरीचा निघाला म्हणून परत पाठवला होता. निलंबनाचे कागद कुणाकुणाच्या घरी पोचल्याचं ऐकू येत होतं. अशा दिवसांत एक साहेब आमच्या भागात फिरू लागले. कुठल्या खात्याचे ते सांगत नाही. जीप होती, बंदूक होती, आणि त्या वर्षी साहेब असणं एवढंच पुरे होतं. पाहुण्यांसाठी त्यांना तणमोर हवा होता. पाखरं मारू नयेत असा कायदा झाला होता खरा, पण तो त्यांना सांगायचा कुणी? डॉक्टर चहा घेता घेता कौतुकाने बोलून गेले की आमच्या कंपाउंडरकडे सगळ्या पाखरांचा पत्ता आहे.

साहेबांनी वही मागवली. पुढे काय झालं ते डॉक्टरांनीच मला नंतर सांगितलं. साहेबांनी तणमोराचं पान काढलं आणि मोठ्याने वाचलं, ‘काई नाई झालं, तरी भेलो तो तुकडा.’ शिपाई हसला, साहेब हसले नाहीत. हा तुकडा कुठे आहे, त्यांनी विचारलं. कंपाउंडर उभे होते, तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, आणि आवाज येत नव्हता. फार भ्याले की त्यांची जीभ अशी टाळूला चिकटत असे. साहेबांनी टेबलावर हात आपटला, नोकरी घालवीन म्हणाले, तरी जीभ सुटली नाही. शेवटी साहेबांनी वही भिरकावली आणि विचारलं, याचं हे गचाळ लिहिणं कळतं कुणाला? डॉक्टर बिचारे साधे. ते म्हणाले, धनजच्या गुरुजींना.

दुपारी जीप शाळेच्या आवारात आली. पोरं वर्गात एकदम गप्प झाली. साहेब खाली उतरलेसुद्धा नाहीत. मला जवळ बोलावलं, तणमोराचा तुकडा कुठे आहे ते विचारलं, आणि बसल्या बसल्या म्हणाले, “गुरुजी, तुमच्या केसेस अजून बाकी आहेत म्हणे.” बस्स, एवढंच. ना धमकी दिली, ना आवाज चढवला. आणि ज्याला घुटीबरोबर ताठ मानेचे धडे पाजले होते त्या माझ्या तोंडाने सांगून टाकलं, नाल्यापलीकडे, दोन पळसांच्या मधे. विचारलं नव्हतं तेही सांगितलं, की सकाळी लवकर गेलं तर उडताना दिसतो. उद्या सहाला जीप येईल, दाखवायला बरोबर चला, असं म्हणून साहेब गेले. मी वर्गात परत आलो आणि फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. पोरांकडे बघायची मला भीती वाटत होती.

संध्याकाळी मी दार लावून घेतलं. बायकोला सांगितलं की डोकं दुखतं आहे. बाहेर गल्लीतून कंपाउंडरांचा आवाज ऐकू आला. आज त्यांचा यायचा वार नव्हता. ते घरोघर थांबून काहीतरी सांगत येत होते. आता माझ्या दाराशी थांबतील, मग काय बोलू, म्हणून मी श्वास रोखून बसलो. आवाज माझ्या घरापर्यंत आला, गप्प झाला, आणि दोन घरं सोडून पुन्हा सुरू झाला.

सकाळी जीप नाल्याशी थांबली. आम्ही चढण चढून वर गेलो आणि साहेब बघतच राहिले. त्या तुकड्याच्या अर्ध्या भागात गावातली सगळी गुरं उभी होती. गाई, गोऱ्हे, म्हशी, वासरं, घंटांचा गजर, बायाबापड्या, म्हातारी माणसं. आणि मधोमध कंपाउंडर, सुतळीने बांधलेल्या चपला चिखलात रुतलेल्या, हातात बांबूची नळी, आणि दुसऱ्या हाताने त्या नाल्यावरच्या हेल्याची नाकातली वेसण धरलेली. जंताचं औषध पाजायचं सरकारी शिबीर होतं ते. खरं तर त्या दिवसांत ‘सरकारी’ म्हटलं की गाव ओस पडायचं. पण लोकांचा हिशेब सोपा होता. कंपाउंडर जिथे उभा राहतो तिथे धोका असूच शकत नाही. त्यांच्या सगळ्या जन्माच्या भित्रेपणावर गावाने भरवसा ठेवला होता.

हे काय चाललं आहे, साहेबांनी विचारलं. कंपाउंडरांचं तोंड उघडलं, मिटलं, जीभ पुन्हा गेली. तेव्हा एका म्हातारीने गाईच्या पाठीवर हात ठेवून उत्तर दिलं, “सरकारी दवा पाजून राह्यले, साहेब. तुमीच पाठोली ना?” सरकारी कामात सरकारी माणूस काय बोलणार? आणि एवढ्या गर्दीत बंदूक कुठे चालवणार? साहेबांनी कंपाउंडरांचं नाव विचारून घेतलं, आणि मला तिथेच सोडून जीप निघून गेली. जीप दिसेनाशी झाली तेव्हा कंपाउंडरांनी वेसण सोडली आणि खाली बसले. औषध म्हणे पहिल्या वीस जनावरांतच संपलं होतं. बाकीच्यांना ओव्याचं पाणी पाजलं. गुरं आत घालण्याआधी उजाडता उजाडता त्यांनी तो अर्धा तुकडा वाकून वाकून तपासला होता, कुठे अंडी आहेत का म्हणून. तणमोर त्याच वेळी उठला आणि दक्षिणेकडे निघून गेला.

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. काहीतरी बोलायचं होतं, पण आता जीभ माझी चिकटली होती. तेच बोलले. “गुरुजी, साहेब तुमच्याकडं गेले म्हंजे तुमी सांगणार, हे मले मालूमच होतं. म्हून तं कालच गुरं सांगतली. मी बी सांगतलं असतं. माही जीभच उचलली नाई, थ्याले कोनी हिंमत म्हन्ते काय?” मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “मनाले लावून घेऊ नका. भेवात मी तुमच्यापरीस शिनियर हावो.”

महिन्याभरात त्यांची बदली चांद्याकडच्या जंगलात झाली. वाघाच्या मुलखात, बेडकाला भिणारा माणूस. मी कारंज्याच्या स्टँडवर पोचवायला गेलो. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, चाकं बघितली, ड्रायव्हरची झोप विचारली आणि दाराचा दांडा धरून उभे राहिले. माझ्या मनातली माफी मनातच राहिली. पुढे ते दिवस संपले, माझं निलंबनही टळलं, यथावकाश माझी बदली मंगरूळपीरला झाली. पत्रं दोनचार आली, प्रत्येकात, वाघ कुठवर आला असं विचारावं तशी माझ्या तब्येतीची चौकशी. आणि एक दिवस कळलं की ते गेले. जगात ज्या एका गोष्टीला ते कधी भ्याले नव्हते त्या झोपेतच गेले. मी दर्ग्यामागच्या घरी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या बायकोने, भाभींनी, ती नोंदवही माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, यातलं आम्हाला काही लागत नाही, तुम्हालाच लागतं.

मी तिथेच बसून चाळली. चांद्याकडची पाखरं होती, नवी नवी दचकणी होती. पण मध्येच दर श्रावणात एक नोंद आमच्याकडची होती. हा माणूस दरवर्षी एवढ्या लांबून, दाराचा दांडा धरून, तीन एसट्या बदलून त्या तुकड्यावर येत होता. मी तेव्हा जवळच होतो, पण मला कळवलं नव्हतं. आता वाटतं, बरोबरच केलं. पहिल्या श्रावणात लिहिलं होतं, ‘नाई.’ दुसऱ्यात, ‘नाई. गवत चांगलं हाये.’ तिसरी नोंद त्यांच्या जाण्याआधीची शेवटची. ‘तणमोर. नर एक. उडून राह्यला.’ जागेच्या रकान्यात त्या तुकड्याचं जुनं नाव नव्हतं. त्याऐवजी स्वच्छ अक्षरात होतं, ‘गुरुजी भ्याले तो तुकडा.’ माझे कान तापले. भाभी समोर होत्या, म्हणून मी खाली मान घालून पुढचा रकाना वाचला. भेव. तिथे आकडा नव्हता. लिहिलं होतं, ‘मोजलं नाई.’

आता दर श्रावणात मी एकदा धनजची गाडी धरतो. नाला ओलांडतो, आणि पळस दिसायला लागले की दोनशे पावलं अलीकडेच थांबतो. तिथे थोडा वेळ उभा राहून परत येतो. दिसला की नाही, ते घरीसुद्धा सांगत नाही.